पीडीएफमध्ये मजकूर वाढवताना अक्षरं का तुटतात आणि ओळी का सरकतात

तुमची अडचण मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाचं आहे ते सगळ्यांना कळेल. चाळीस पानांचा अहवाल फक्त पीडीएफमध्ये हाताशी आहे, मूळ वर्डची फाइल मिळत नाही. पहिल्या पानावर मराठीत एक ओळ टाकायची आहे, एका तक्त्यातला आकडा सुधारायचा आहे आणि एका परिच्छेदात दोन वाक्यं वाढवायची आहेत. टाइप केलं की फॉन्ट बदलतो, जोडाक्षरं सुटी होतात, ओळ समासाबाहेर पळते. एका सॉफ्टवेअरमध्ये सगळं जमलंसं वाटलं, तर फाइल फोनवर उघडल्यावर टाकलेला मजकूर गायब. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

सॉफ्टवेअरची नावं ओघात येतीलच. पण तुमच्या तीन कामांना तीन वेगळ्या वाटा आहेत. तिन्ही कामं एकाच साधनानं, एकाच पद्धतीनं करायला गेल्यामुळे हा गोंधळ झालाय. कोणती वाट धरायची हे तीन गोष्टींवर ठरतं: फाइल मुळात कशातून तयार झाली, तिच्यात फॉन्ट कसे बसवले आहेत, आणि तिच्यावर डिजिटल सही किंवा पासवर्डचं बंधन आहे का. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी 'असं असेल तर असं' म्हणावं लागेल.

पीडीएफ हा अडोबीनं १९९३ मध्ये आणलेला आणि २००८ पासून आयएसओ ३२००० या नावानं मानक झालेला प्रकार. तो मुळात छापील पान जसंच्या तसं पोचवण्यासाठी आहे. वर्डच्या फाइलमध्ये परिच्छेद असतो, त्याला समास असतो, मजकूर वाढला की खालचा आपोआप खाली सरकतो. पीडीएफच्या पानात यातलं काही नसतं. तिथे फक्त सूचना असतात: 'हा फॉन्ट घे, हे माप घे, डावीकडून इतक्या आणि खालून इतक्या अंतरावर जा, ही चिन्हं काढ.' ए-फोर पान म्हणजे सुमारे ५९५ गुणिले ८४२ पॉइंटची जागा (१ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग), आणि प्रत्येक ओळ, कधीकधी ओळीतला प्रत्येक शब्द, त्या जागेवर वेगळा ठेवलेला असतो. संपादन करणारं सॉफ्टवेअर या ठेवलेल्या तुकड्यांकडे बघून परिच्छेदाचा अंदाज बांधतं. अंदाज बरोबर आला तर काम सोपं, चुकला तर ओळी पळतात. हे एकदा ध्यानात घेतलंत की पुढचं सगळं त्याच्याच ओघानं येतं.

काही टाइप करण्याआधी फॉन्ट तपासा. अडोबीच्या ॲक्रोबॅटमध्ये किंवा फुकटच्या रीडरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि डी दाबा, 'फॉन्ट्स' हा भाग उघडा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेलं दिसेल. बहुतेक वेळा 'सबसेट'च असतं. याचा अर्थ, फाइल लहान राहावी म्हणून दस्तऐवजात वापरलेलीच चिन्हं फाइलमध्ये भरली आहेत, पूर्ण फॉन्ट भरलेला नाही. ठळक फॉन्टमध्ये ७ हा अंक कुठेच आलेला नसेल, तर त्या फाइलमधल्या ठळक फॉन्टला ७ येतच नाही. तुम्ही ७ टाइप केलात की सॉफ्टवेअर दुसऱ्या फॉन्टमधून तो आणतं, आणि एकाच आकड्यात दोन वळणं दिसतात. 'टाइप केलं की फॉन्ट बदलतो' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. उपाय एकच: तोच फॉन्ट, पूर्ण स्वरूपात, आपल्या संगणकावर बसवणं. त्यासाठी फॉन्टचं नेमकं नाव लागतं, आणि ते याच यादीत मिळतं. कमांड लाइनची सवय असेल तर पॉपलर या संचातलं पीडीएफफॉन्ट्स हे साधन जास्त स्पष्ट सांगतं. सबसेट असेल तर नावाआधी सहा कॅपिटल इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसतं. शिवाय एक रकाना सांगतो की चिन्हांवरून युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं मानक) अक्षरांकडे जाणारा तक्ता त्या फॉन्टसोबत आहे की नाही. तो नसेल तर मजकूर दिसेल, पण शोधता किंवा नीट कॉपी करता येणार नाही.

यादीत एकही फॉन्ट दिसत नसेल तर दोनच शक्यता: पान स्कॅन केलेलं आहे, किंवा अक्षरांचे आकार रेषांत बदलून टाकले आहेत. दोन्ही बाबतीत तिथे 'मजकूर' नाहीच, चित्र आहे.

आता पहिल्या पानावरची मराठी ओळ. तुमच्या तीन कामांत दिसायला हे सगळ्यात किरकोळ आणि करायला सगळ्यात नाजूक.

'आर्थिक' हा शब्द घ्या. आपण टाइप करताना क्रम असतो आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. कागदावर मात्र वेलांटी थच्या आधी येते आणि र रफार होऊन थच्या डोक्यावर बसतो. ही मांडामांड फॉन्टमधल्या नियमांनुसार एक वेगळा कार्यक्रम करतो. लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिस-संचात ते काम हार्फबझ करतो. पीडीएफमध्ये जातो तो मांडामांडीनंतरचा क्रम: आ, वेलांटी, थ, रफार, क. म्हणून मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की पुष्कळदा 'आिथर्क' असं काहीतरी हाती येतं, आणि 'आर्थिक' शोधलं तर तो शब्द डोळ्यांसमोर असून सापडत नाही. उलट बाजूनंही तेच. संपादकात तुम्ही नवा शब्द टाइप करता तेव्हा ही मांडामांड त्या संपादकाला जमली पाहिजे. न जमल्यास हलन्त उघडा दिसतो, वेलांटी थच्या नंतर पडते, र सुटा राहतो. तुमची 'तुटलेली' अक्षरं ती हीच. फॉन्ट बदलून पाहण्यात इथे वेळ जातो, कारण दोष फॉन्टचा नसून मांडणाऱ्याचा असतो.

त्यामुळे कोणतंही पीडीएफ सॉफ्टवेअर मराठीसाठी घेण्याआधी त्याच्या चाचणी आवृत्तीत एका कोऱ्या पानावर ही ओळ टाइप करून बघा:

आर्थिक, दुसऱ्या, किंमत, श्री, ज्ञान, पक्ष, शुद्ध, राष्ट्र, रुपया, रूप, हृदय, ट्रॅक्टर, कॉपी

'दुसऱ्या'मधला र अर्धा, आडव्या वळणाचा दिसला पाहिजे. तिथे रफार आला तर मांडणी अर्धवट आहे. 'ट्र'मध्ये खालची काकपदासारखी खूण हवी, 'ॅ' आणि 'ॉ' डोक्यावर नीट बसायला हवेत. मग फाइल सेव्ह करा, बंद करा, दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडा आणि पुन्हा बघा. टाइप करताना पडद्यावर बरोबर दिसणारा मजकूर सेव्ह झाल्यावर बिघडलेला निघतो, हे नेहमीचं आहे, कारण पडद्यावर मांडणी ऑपरेटिंग सिस्टीम करते आणि फाइलमध्ये ती संपादकाला स्वतः लिहावी लागते.

चाचणीत सॉफ्टवेअर नापास झालं तरी अडत नाही. मराठी ओळीसाठी मी सुचवेन ती वाट अशी: ओळ पीडीएफ संपादकात टाइपच करू नका. ती लिबरऑफिस रायटर किंवा वर्डमध्ये तयार करा आणि पानावर वरून ठेवा.

त्यासाठी प्रथम प्रॉपर्टीजमध्ये (कंट्रोल आणि डी दाबून उघडते ती खिडकी) पानाचं माप बघा. २१० गुणिले २९७ मिलिमीटर असेल तर ए-फोर, २१६ गुणिले २७९ असेल तर लेटर. रायटरमध्ये अगदी त्याच मापाचं कोरं पान घ्या. त्यावर मजकूर-चौकट काढून तिला पानाशी अँकर करा (बांधून ठेवा) आणि तिची जागा वरून व डावीकडून मिलिमीटरमध्ये द्या. मूळ पानावर ओळ कुठे हवी ते ॲक्रोबॅटमधल्या पट्ट्या किंवा कर्सरचे निर्देशांक दाखवणारी सोय चालू करून मोजता येतं. चौकटीला पार्श्वरंग आणि किनार ठेवू नका. अक्षरांच्या खिडकीत देवनागरीसाठी फॉन्ट, माप आणि भाषा वेगळ्या भागात असतात. तिथे भाषा 'मराठी' निवडा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी साठवलेली असतात आणि भाषा मराठी दिली तरच ती येतात. भाषा न दिल्यास हिंदी वळणाचे ल-श पडतात आणि शेजारच्या ओळीजवळ ते लगेच उपरे वाटतात. मग पान पीडीएफ म्हणून निर्यात करा.

आता हे पान मूळ फाइलवर चढवायचं. ॲक्रोबॅट प्रोमध्ये वॉटरमार्कची सोय वापरा: स्रोत म्हणून मजकुराऐवजी फाइल निवडा, माप 'ॲब्सोल्यूट' १०० टक्के, फिरवणं शून्य, अपारदर्शकता १०० टक्के, जागा पानाच्या वर, आणि पानांची व्याप्ती फक्त १. फुकट हवं असेल तर क्यूपीडीएफ या कमांड लाइनवरच्या साधनातली ओव्हरले ही सोय हेच करते. पीडीएफटीके या तशाच साधनातली स्टॅम्पही चालते, पण ती सगळ्या पानांवर चढते, म्हणून तिथे पहिलं पान आधी वेगळं काढा. दोन्ही पानांचं माप तंतोतंत सारखं असू द्या. वेगळं असेल तर साधन वरचं पान खालच्यात बसवण्यासाठी लहानमोठं करतं आणि ओळ जागेवरून हलते. मूळ पान आडवं स्कॅन करून नंतर उभं फिरवलेलं असेल, तर फाइलमध्ये 'हे पान ९० अंशांनी फिरवून दाखव' एवढीच खूण असते आणि वरून ठेवलेली ओळ कुशीवर पडू शकते. अशा वेळी आधी त्या एका पानाची फिरवण पक्की करून घ्या, मग ओळ चढवा.

एक बारकावा जुन्या फाइलींचा. यादीत कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीचे फॉन्ट दिसले तर तो मजकूर युनिकोड नाही. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि कॉपी केल्यावर इंग्रजीचा कचरा मिळतो. गंमत म्हणजे अशा फाइलीत संपादन करणं मांडामांडीच्या दृष्टीनं सोपं असतं, कारण प्रत्येक तुकडा साधं अक्षर म्हणूनच वावरतो. तो फॉन्ट संगणकावर हवा आणि त्याचा कळफलक किंवा परिवर्तक माहीत हवा, इतकंच. माझं मत असं की परिच्छेदाच्या पोटातली दुरुस्ती त्याच जुन्या फॉन्टमध्ये करावी, म्हणजे ठिगळ दिसत नाही; पण वेगळी उभी राहणारी नवी ओळ युनिकोडमध्ये टाकावी, म्हणजे निदान ती तरी शोधता येईल.

आता तक्त्यातला आकडा. हे काम थेट संपादकातच करायचं: ॲक्रोबॅट प्रोमध्ये 'एडिट पीडीएफ', फॉक्सिट किंवा पीडीएफ-एक्सचेंज एडिटरमध्ये मजकूर बदलण्याचं साधन. इथे नवी चौकट काढून तिच्यात टाइप करणं ही सर्रास होणारी चूक आहे. नव्या चौकटीला सॉफ्टवेअरचा स्वतःचा फॉन्ट, माप आणि रंग मिळतो, आणि मग तुम्ही तासभर ते जुळवत बसता. त्याऐवजी कर्सर जुन्या आकड्याच्या मध्ये, दोन अंकांच्या बरोबर बेचक्यात ठेवा, तिथे नवे अंक टाइप करा आणि मग आजूबाजूचे जुने अंक पुसा. मधोमध टाइप केलेलं अक्षर शेजाऱ्याचा फॉन्ट, माप, रंग, अंतर सगळं उचलतं. सगळं निवडून एकदम पुसलंत तर उचलायला शेजारीच उरत नाही. रिकाम्या रकान्यात आकडा हवा असेल तर त्याच स्तंभातला दुसरा आकडा चौकटीसकट कॉपी करून पेस्ट करा आणि मग बदला. हीच युक्ती शीर्षकं, तळटीपा, सगळीकडे चालते.

मापाचा आकडा बघून मात्र घाबरू नका. काही फाइलींत फॉन्टचं माप १ दिसतं आणि अक्षरं तर नेहमीसारखी १२ पॉइंटची असतात. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामनं माप १ ठेवून सगळा मजकूर बारा पट मोठा केलेला असतो. तिथे तुम्ही १२ टाकलंत तर अक्षर पानभर होईल.

आकड्याची दुसरी अडचण उजव्या बाजूची. समजा ९८५ चे १,०२५ करायचे आहेत. मूळ तक्त्यात आकडे उजवीकडे एका रेषेत होते, पण 'उजवीकडे लावा' ही आज्ञा पीडीएफमध्ये आलेलीच नाही. फक्त '९८५ इथून सुरू कर' एवढंच आलंय. त्यामुळे १,०२५ त्याच डाव्या टोकापासून सुरू होतो आणि एक अंक व एक स्वल्पविराम इतका उजवीकडे बाहेर येतो, कधी तक्त्याच्या रेषेवरच चढतो. चौकट निवडून उजवी जुळणी द्या, किंवा चौकट बाणाच्या कळीनं डावीकडे सरकवा, आणि ४०० टक्के मोठं करून वरखालच्या आकड्यांच्या शेवटच्या अंकाशी कड जुळते का ते बघा. आणि हो, बेरीज आपोआप बदलत नाही. खालचा एकूण, टक्केवारी, आणि मजकुरात तोच आकडा कुठे उल्लेखलेला असेल तर तोही हातानं बदलावा लागतो. सही-शिक्क्यानिशी जाणाऱ्या अहवालात ही चूक अक्षराच्या वळणापेक्षा कितीतरी महागात पडते.

परिच्छेदात दोन वाक्यं वाढवणं हे तिघांतलं अवघड काम, आणि इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे.

पानाच्या तळाशी मोकळी जागा असेल तर सोपं. वाक्यं घाला, चौकट वाढू द्या, खालच्या चौकटी एकत्र निवडून तेवढ्याच अंतरानं खाली घ्या. संपादन सुरू केल्यावर प्रत्येक ओळीभोवती वेगळी चौकट दिसत असेल तर सॉफ्टवेअरला परिच्छेद ओळखता आलेला नाही. तसंच टाइप केलंत तर ती एकच ओळ लांबत जाऊन समासाबाहेर जाते. तुमची पळणारी ओळ म्हणजे हेच. ओळी जोडून एक परिच्छेद करण्याची सोय असेल तर आधी ती वापरा. नसेल तर पहिल्या ओळीच्या चौकटीत पुढच्या ओळींचा मजकूर क्रमानं आणून चौकटीची रुंदी समासाइतकी करा आणि बाकीच्या चौकटी काढा. मूळ मजकूर दोन्ही कडांना भिडलेला असेल तर बदलानंतर तो बहुधा फक्त डावीकडे लागतो, म्हणून दोन्हीकडची जुळणी पुन्हा द्या. ओळीच्या शेवटी तोडून जोडरेघ दिलेले इंग्रजी शब्दही बघा. ती जोडरेघ आता खरी झालेली असते आणि शब्द ओळीच्या मध्यावर आला तरी तशीच राहते.

पान पूर्ण भरलेलं असेल तर हिशेब करावा लागतो. एका पानावरून पुढच्या पानावर मजकूर आपोआप वाहत नाही. समजा परिच्छेदात २८ ओळी आहेत आणि एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत १४ पॉइंट आहेत. एकूण उंची ३९२ पॉइंट. अंतर १३.५ केलं तर २९ ओळी ३९१.५ मध्ये बसतात. म्हणजे अर्ध्या पॉइंटच्या बदल्यात एक ओळ मिळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन ओळींसाठी १३ पॉइंट करावे लागतील (३० ओळी, ३९० पॉइंट), आणि हे समोरासमोरच्या पानांत जाणवायला लागतं. सॉफ्टवेअर ओळींचं अंतर पटीत मागत असेल तर एका ओळीसाठी सध्याचा आकडा ०.९६ नं गुणा. देवनागरीत यापुढे जाऊ नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत शिरतात.

जागा काढायची दुसरी रीत म्हणजे आडवी रुंदी ९८ टक्के करणं. ९७ च्या खाली अक्षरं दबलेली दिसतात. अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करणं इंग्रजीत चालतं, देवनागरीत अजिबात नको. थोडं वाढवलं तरी शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, कमी केलं तर काने एकमेकांवर चढतात. तसंच ठळक करायला फॉन्टचं खरं ठळक रूप नसताना 'बी'चं बटण दाबू नका. काही सॉफ्टवेअर अक्षराच्या कडेवर जाड रेघ ओढून खोटा ठळकपणा आणतं. त्यात लहान मापाला अनुस्वार आणि उकारांची पोटं भरून जातात आणि छपाईत ते डाग दिसतात.

या सगळ्यातून जे साधतं ते दोन-चार ओळींपुरतं. त्याहून जास्त बदल, किंवा सलग तीन-चार पानांवर परिणाम होणार असेल, तर पीडीएफमध्ये झुंजू नका. वर्ड २०१३ पासून पीडीएफ थेट उघडून संपादनयोग्य करतं, ॲक्रोबॅट प्रोही वर्डमध्ये निर्यात करतं. तक्ते, तळटीपा, शीर्षपट्ट्या पुन्हा नीट कराव्या लागतील, पण मजकूर वाहू लागेल. मराठी मजकुरासाठी ही वाट तेव्हाच चांगली, जेव्हा मूळ फाइलमध्ये युनिकोडचा तक्ता धड असेल. नाहीतर वर सांगितलेले 'आिथर्क' चाळीस पानं भरून मिळतील आणि ते निस्तरण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं लवकर होईल. एक परिच्छेद कॉपी करून साध्या मजकुराच्या खिडकीत पेस्ट करून बघा, मिनिटभरात कळतं.

लिबरऑफिस ड्रॉ पीडीएफ उघडतं आणि फुकट आहे, म्हणून पुष्कळांना सुचवलं जातं. ते प्रत्येक ओळ सुटी चौकट म्हणून आणतं आणि जो फॉन्ट संगणकावर नाही तो बदलतं, तोही सगळ्या पानांवर. पान १२ वर एक शब्द बदलायला गेलात आणि पान ३० वरची आकृती बिघडली, असं त्यातून होतं. वापरायचंच असेल तर फक्त ते एक पान वेगळं काढा, त्यात दुरुस्ती करा आणि मूळ फाइलमधल्या त्या पानाच्या जागी बसवा. उरलेली ३९ पानं अस्पर्श राहतील.

फोनवर मजकूर गायब होण्याचं कारण वेगळंच आहे. पीडीएफमध्ये मजकूर तीन ठिकाणी राहू शकतो: पानाच्या मूळ आशयात, फॉर्मच्या रकान्यात, किंवा पानावर चिकटवलेल्या टिपणीत. रीडरमधलं मजकूर-टिपणीचं साधन, फॉक्सिटचा टाइपरायटर, फायरफॉक्सच्या दर्शकात (पीडीएफ दाखवणाऱ्या भागात) येणारी मजकुराची सोय, हे सगळं टिपणी म्हणून लिहितं. टिपणी दाखवायची की नाही हे दर्शक ठरवतो, आणि काही दर्शक, विशेषतः फोनवरचे आणि मेलमध्ये झलक दाखवणारे, ती दाखवत नाहीत. छापतानाही ॲक्रोबॅटच्या छपाईच्या खिडकीत टिपण्यांसाठी वेगळी निवड असते. तिथे फक्त 'डॉक्युमेंट' असेल तर टाइप केलेला मजकूर कागदावर उतरत नाही; 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' हवं.

टिपणी पानात कायमची मुरवण्याला 'फ्लॅटन' म्हणतात. पीडीएफ-एक्सचेंज आणि फॉक्सिटमध्ये त्या नावाची आज्ञाच आहे, ॲक्रोबॅट प्रोमध्ये ते प्रीफ्लाइटच्या (छपाईपूर्व तपासणीच्या) दुरुस्त्यांत मिळतं. यातलं काही नसेल तर फाइल पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' करा, पण माप 'ॲक्च्युअल साइझ' ठेवा. 'फिट' ठेवलंत तर पान दोन-चार टक्के आक्रसतं. या मार्गानं दुवे, बुकमार्क आणि फॉर्मचे रकाने नष्ट होतात, म्हणून तो शेवटचा पर्याय. फ्लॅटन करण्याआधीची प्रत बाजूला ठेवा, नंतर तो मजकूर टिपणी म्हणून सुटा करता येत नाही.

स्कॅन केलेल्या पानाबद्दल थोडंच सांगतो, तुमचा अहवाल तसा वाटत नाही. पान किमान ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं, आधी तिरकेपणा काढून सरळ करायचं आणि मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं. टेसरॅक्ट या फुकटच्या ओसीआर प्रोग्राममध्ये मराठीची वेगळी भाषा-फाइल आहे, ती बसवल्याशिवाय देवनागरी वाचायला लावू नका. ओसीआरनंतर चित्राखाली किंवा वर न दिसणारा मजकूर बसतो. त्यानं शोध चालतो, पण दिसणारी अक्षरं चित्रच असतात. तिथे वरून ओळ ठेवण्याचीच पद्धत बरी.

आणखी दोन गोष्टी काम सुरू करण्याआधीच बघा. फाइलवर डिजिटल सही असेल तर तिला हात लावू नका. सहीनंतर मजकुरात केलेला कोणताही बदल पडताळणीत उघड होतो आणि सही अवैध दिसते. सही करणाऱ्यानं फक्त फॉर्म भरायला किंवा टिपण्यांना मुभा दिलेली असेल तर तेवढंच करता येतं. दुरुस्ती हवीच असेल तर सहीआधीची फाइल मागून घ्या आणि पुन्हा सही करवून घ्या. फाइल पीडीएफ/ए या जतनाच्या प्रकारातली असेल तर ॲक्रोबॅट ती केवळ वाचण्यासाठी उघडतो. संपादन केल्यावर ती त्या मानकात राहिलीच असेल असं धरून चालू नका, पुन्हा त्या प्रकारात सेव्ह करून तपासून घ्या.

जुना आकडा लपवण्यासाठी त्यावर पांढरी चौकट ठेवून वर नवा लिहिणं मी कधीच करू देणार नाही. पांढऱ्या चौकटीखाली जुना मजकूर जसाच्या तसा असतो. कुणीही निवडून कॉपी केला की दोन्ही आकडे मिळतात. गोपनीय मजकूर असेल तर तो रिडॅक्शनच्या (मजकूर फाइलमधून कायमचा काढून टाकणाऱ्या) साधनानंच काढा. साध्या 'सेव्ह'नं काही सॉफ्टवेअर बदल फाइलच्या शेवटी जोडतं आणि आधीचं आत तसंच ठेवतं. म्हणून काम संपल्यावर 'सेव्ह ॲज' करून नव्या नावानं पूर्ण फाइल लिहून घ्या.

मग सॉफ्टवेअर कोणतं? या एकाच अहवालासाठी विकत काहीच घेऊ नका. ॲक्रोबॅट प्रोच्या किंवा फॉक्सिटच्या चाचणीच्या मुदतीत आकडा आणि परिच्छेद होऊन जाईल, आणि मराठी ओळ रायटर व क्यूपीडीएफनं. दर आठवड्याला असंच काम येणार असेल तर वरची चाचणीची ओळ जे सॉफ्टवेअर सेव्ह करून पुन्हा उघडल्यावरही बरोबर दाखवेल ते घ्या. बाकी सोयी सगळ्यांत कमीअधिक सारख्याच आहेत.

पाठवण्याआधी फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि फॉन्टची यादी परत बघा. नव्यानं आलेला एखादा फॉन्ट एम्बेडेड नसेल तर तो समोरच्याच्या संगणकावर बदलणार हे नक्की समजा. नवा आकडा आणि नवी मराठी ओळ शोधून बघा. ओळ दिसत असून शोधात सापडत नसेल तर निदान निर्यात करताना भाषा आणि फॉन्ट बरोबर होते ना ते तपासा. मग तीच फाइल ब्राउझरमध्ये आणि फोनवर उघडा, आणि बदललेली तीन पानं 'ॲक्च्युअल साइझ'नं कागदावर छापा. पडद्यावर न दिसलेला अर्ध्या पॉइंटचा फरक आणि करड्या-काळ्याचा फरक कागदावर शेजारच्या ओळीजवळ लगेच कळतो. तो रंगाचा असेल, तर जुन्या ओळीतला एक शब्द निवडून त्याच्या रंगाचे आकडे वाचा आणि तेच नव्या ओळीला द्या.